पळणारा घ्यावा की झेलणारा?

एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी ओहायोमध्ये डेटा सायन्स शिकतोय. दोन वर्षांत अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय आणि दर एप्रिलला आम्ही मित्र ड्राफ्टवर (नव्या खेळाडूंच्या निवडीवर) पैजा लावतो. समजा, पहिल्या राउंडमध्ये संघाची २५वी पाळी आहे आणि दोन रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, शिल्लक आहेत. एक ४० यार्ड ४.३४ सेकंदांत पळतो, पण कॉलेजात त्याच्या नावावर फार झेल नाहीत. दुसऱ्याला ४.५६ लागतात, पण तो तीन वर्षं तगड्या संघांविरुद्ध चेंडू झेलत आलाय. कोणाला घ्यावं? आणि एवढा पैसा, एवढी माणसं, एवढा डेटा असूनही संघ इतके चुकतात कसे?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

मी मूळचा सोलापूरचा. संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत आलो आणि खर्च भागवायला विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी व्हिडिओ कापून द्यायचं तासावरचं काम धरलं. ते अंगाला चिकटलं ते चिकटलंच. गेली चौदा वर्षं एका व्यावसायिक संघासाठी एरिया स्काउट आहे. म्हणजे नेमून दिलेल्या पाच-सहा राज्यांतली कॉलेजं पिंजून काढायची, मुलं बघायची आणि प्रत्येकावर अहवाल लिहायचा. ऑगस्ट ते नोव्हेंबर घरी कमी, मोटेलात जास्त. आई अजूनही विचारते, "म्हणजे तू मुलांचा खेळ बघतोस आणि त्याचा पगार मिळतो?" हो, साधारण तसंच.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी चार ओळी. एनएफएलमध्ये ३२ संघ. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड एप्रिलअखेर होते. सात राउंड, तीन दिवस, सगळे मिळून अडीचशेच्या वर खेळाडू. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय कोणी पात्र ठरत नाही. आदल्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी पहिली. आयपीएलच्या लिलावाशी याची गल्लत करू नका. तिथे जो जास्त मोजेल त्याचा खेळाडू. इथे बोली नाही, रांग आहे. रांगेतली जागा मात्र अदलाबदलीत देता-घेता येते. आणि २०११च्या करारापासून नवख्या खेळाडूचा पगार त्याच्या जागेवरून जवळपास ठरूनच गेलेला असतो. २०१०च्या पहिल्या खेळाडूला, सॅम ब्रॅडफर्डला, सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर मिळाले होते. पुढच्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी. तेव्हापासून चांगला नवखा म्हणजे चार वर्षं स्वस्तात मिळालेला माणूस. त्याच्यावर वाचलेल्या पैशातून बाकीचा संघ उभा राहतो.

म्हणून ड्राफ्टच्या खोलीत 'दोघांत चांगला कोण' असा प्रश्न खरं तर नसतोच. प्रश्न असतो तो हा: आमच्या संघात, आमच्या कोचच्या हाताखाली, येत्या चार वर्षांत या जागेच्या मोबदल्यात आम्हाला कोणाकडून जास्त मिळेल, आणि त्याच्यासाठी आम्ही काय हातचं सोडतोय? वीस-बावीस वर्षांच्या मुलाचं पुढचं आयुष्य यात धरलेलं आहे. त्याचा गुडघा, त्याची झोप, त्याला अचानक मिळणारा पैसा, त्याला शिकवणारा माणूस. यातलं निम्मं अजून घडलेलंच नसतं. जे घडलेलंच नाही ते हेरायला कितीही माणसं नेमली तरी अडचण तीच.

पुढे दिग्गज क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, डाव चालवणारा) ठरलेल्या टॉम ब्रेडीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २००० साल, सहावा राउंड, १९९वी जागा. ही गोष्ट सांगताना लोक न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या पारखी नजरेचे गोडवे गातात. पण त्याच ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंडने ब्रेडीच्या आधी सहा दुसरे खेळाडू घेतले होते. हा मुलगा कोण होणार आहे हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी सहा वेळा त्याला रांगेत ताटकळत ठेवलं असतं का? त्यांचं कौतुक करायचंच तर दुसऱ्या गोष्टीचं करावं. सहाव्या राउंडमध्येही त्यांच्या हातात जागा शिल्लक होती, आणि घेतल्यावर त्याला ठेवून घेण्याइतका धीर होता.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (२०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच) यांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणारे दोघे लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता आली ५२ टक्के. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा दोन टक्के बरं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी या कामात नवा होतो आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पण या आकड्याचा अर्थ 'स्काउटांना काही कळत नाही' असा लावू नका. पहिल्या राउंडमधले आणि पाचव्या राउंडमधले यांच्यात ढळढळीत फरक असतो, आणि तो आम्हाला बऱ्यापैकी दिसतो. दिसत नाही तो चौथ्या आणि पाचव्या रिसीव्हरमधला बारीक फरक. खड्ड्यात घालतं ते 'हा बारीक फरक मला दिसतो' असं वाटून त्यापायी घरदार गहाण टाकणं. २०१७मध्ये शिकागोने तिसऱ्या जागेवरून फक्त एक पायरी वर, दुसऱ्या जागेवर जाण्यासाठी तीन जादा पिक (निवडीच्या पाळ्या) दिले आणि क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्की घेतला. त्याच दिवशी कॅन्सस सिटीने २७व्या जागेवरून दहाव्यावर उडी मारून पॅट्रिक माहोम्स घेतला, आणि त्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिला राउंडसुद्धा देऊन टाकला. वर चढायला दोघांनीही किंमत मोजली. एकाला पस्तावा झाला, दुसऱ्याने तीन सुपर बोल (हंगामाचे अंतिम सामने) जिंकले.

आणि इथेच परिस्थितीचा मुद्दा येतो. माहोम्स गेला तो अँडी रीडसारख्या कोचकडे, आणि पहिलं वर्ष तिथल्या मुख्य क्वार्टरबॅकच्या, अॅलेक्स स्मिथच्या, मागे जवळजवळ बसून काढलं. तोच मुलगा शिकागोत गेला असता आणि लगेच मैदानात ढकलला गेला असता तर? कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला पैजेत घ्या, पैसे मिळतील. निकाल लागल्यावर आपण 'अमक्याने चुकीचा माणूस घेतला' म्हणतो. पुष्कळदा माणूस ठीक असतो, पडलेला असतो चुकीच्या घरात.

आता आम्ही करतो काय ते सांगतो.

ऑगस्टमध्ये कॉलेजांच्या सरावाला जातो. सकाळी व्हिडिओच्या अंधाऱ्या खोलीत, दुपारी मैदानाच्या कडेला, मधल्या वेळात चौकशी. ही चौकशी कशी असते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. स्थळ बघायला गेल्यावर मुलाच्या आईला विचारून काही कळत नाही, शेजारच्या वाण्याला विचारावं लागतं. इथे हेड कोच म्हणजे मुलाची आई. त्याचा प्रत्येक मुलगा गुणी, मेहनती, पहाटे पाचला उठणारा. मी कपडे आणि हेल्मेटं सांभाळणाऱ्या माणसाशी बोलतो. घामाने भिजलेली जर्सी कोण जमिनीवर फेकतो आणि कोण टोपलीत टाकतो हे त्याला माहीत असतं. अभ्यासाचं बघणाऱ्या बाईंशी बोलतो. पट्ट्या बांधणाऱ्या ट्रेनरला वेगळंच विचारतो: दुखावल्यावर हा मुलगा लपवतो की सांगतो? दोन्हीत धोका आहे, पण धोके वेगळे आहेत.

हल्ली ही चौकशी अवघड झालीय. २०१८पासून ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं आणि २०२१पासून मुलांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. त्यामुळे एकच मुलगा तीन कॉलेजं फिरून येतो. मागे एकाच ठिकाणी चार वर्षं त्याला पाहिलेली माणसं भेटायची. आता प्रत्येकाने त्याचं एकेक वर्ष पाहिलेलं असतं. पहिलं कॉलेज सोडून का गेला, याची प्रत्येकाकडे निराळी कथा.

मग व्हिडिओ. टीव्हीवर सामना बघून खेळाडू पारखता येत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि रिसीव्हर पहिल्या दोन सेकंदांत पडद्याबाहेर जातो. आम्ही बघतो ती कोचची फिल्म, उंचावरून घेतलेली, बावीसच्या बावीस माणसं दिसणारी. माझी सवय अशी की मुलाचा सगळ्यात वाईट सामना आधी लावायचा. चांगले सामने तर त्याचे कोच पाठवतातच. अहवालाच्या वरच्या दोन ओळी ठरलेल्या: हा कशाने जिंकतो, आणि कशाने हरतो. 'जबरदस्त गुणवत्ता', 'उज्ज्वल भविष्य' असले शब्द लिहिले की आमचे साहेब त्यावर लाल रेघ मारतात. बरोबर करतात. 'लाइनवर हात अंगावर आला की पहिलं पाऊल मागे पडतं', असं वाक्य कोचला उपयोगी पडतं. (लाइन म्हणजे जिथून प्रत्येक डाव सुरू होतो ती रेषा.)

माझी एक चूक सांगतो, कारण 'एवढं असूनही कसे चुकता' याचं उत्तर त्यात आहे. काही वर्षांपूर्वी एका सेफ्टीवर मी फिदा झालो होतो. सेफ्टी म्हणजे बचावाच्या सगळ्यात मागे उभा राहणारा, सगळ्या बाजूंना नजर ठेवणारा माणूस. या मुलाचे सात सामने मी पाहिले. एकदाही चुकीच्या जागी उभा नाही. चेंडू सुटायच्या आत जागेवर हजर. मी लिहिलं, 'डोकं तल्लख, खेळ आधी वाचतो.' चौथ्या राउंडमध्ये आम्ही त्याला घेतला, आणि माझ्या शब्दावर घेतला. आमच्या सराव शिबिरात पहिल्याच आठवड्यात दिसलं की समोरच्यांनी रचना बदलली की हा गोठतो. शेजारच्याला ओरडून सांगायचं काम सेफ्टीचं, आणि याच्या तोंडून आवाज फुटेना. मी परत कॉलेजची फिल्म लावली. या वेळी त्याच्याकडे न बघता चेंडू सुटायच्या आधीचे दहा सेकंद बघितले. प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, तो मान वळवून कडेला उभ्या कोचकडे बघत होता. समोरची रचना बदलली की कडेवरून खूण व्हायची, आणि हा तिथे जाऊन उभा राहायचा. खेळ वाचत होता तो कोच. मुलगा फक्त आज्ञाधारक होता. दीड हंगामात तो बाहेर पडला.

यात मुलाचं खोटं काहीच नव्हतं आणि माझे डोळेही फितूर नव्हते. मी पाहिलं ते खरंच घडलं होतं. कशामुळे घडतंय हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक गुणासमोर एक रकाना आहे: 'हे कोणाचं?' त्याचं स्वतःचं, कोचचं, शेजारच्या खेळाडूचं, की समोरचा संघ दुबळा होता म्हणून?

कम्बाइनबद्दल, म्हणजे ड्राफ्टआधीच्या सामूहिक चाचणीबद्दल, फार लिहीत नाही, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त लिहिलं जातं. १९८७पासून ते इंडियानापोलिसमध्ये भरतं. तीनशेच्या वर मुलं येतात, पळतात, उड्या मारतात, २२५ पौंडांची सळई उचलतात. टीव्हीवर घड्याळं दिसतात. संघांसाठी सगळ्यात मोलाची असते ती डॉक्टरांची तपासणी. मुळात हा खटाटोप सुरू झाला तोच त्यासाठी. पळण्याच्या आकड्यांचं माझ्या लेखी एकच काम: आकडा आणि फिल्म जुळत नसतील तर मला परत फिल्मकडे पाठवणं. १९९५मध्ये फिलाडेल्फियाने कम्बाइन गाजवलेल्या माइक ममुलासाठी बाराव्या जागेवरून सातव्यावर उडी मारली. ममुला वाईट नव्हता, पाच हंगाम खेळला. पण ती बारावी जागा मिळालेल्या टँपा बेने वॉरेन सॅप घेतला, आणि सॅप हॉल ऑफ फेममध्ये (खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत) गेला. उलट बाजूही आहे. ॲरन डोनाल्ड साधारण सहा फूट एक इंच, २८५ पौंडांच्या आसपास. त्याच्या जागेच्या मानाने ठेंगणा म्हणून २०१४मध्ये तो तेराव्या जागेपर्यंत उरला आणि पुढे तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याची फिल्म बघून कोणालाच शंका नव्हती. शंका होती ती टेपमापाला.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बोर्ड लागतं. भिंतभर फळा, उभे रकाने जागांचे, आडव्या ओळी दर्जाच्या, आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाची पट्टी. देशभरातून हजारो नावं येतात. आमच्या बोर्डावर शेवटी दीडशेच्या आत उरतात. बाकीची वाईट असतात असं नाही, आमच्या कामाची नसतात. पट्टी एक ओळ वर की खाली, यावरून दोन समंजस माणसं तास तासभर भांडतात. हे भांडण मार्चमध्ये झालेलं बरं, कारण ड्राफ्टच्या रात्री घड्याळ चालू असताना भांडायला लागलात की भीती आणि हाव दोघी खुर्ची ओढून बसतात.

बोर्डावर टिकून राहणं काय असतं याचा माझा आवडता दाखला १९९६चा आहे. बाल्टिमोर रेव्हन्सचा तो पहिलाच ड्राफ्ट, निवडीची सूत्रं ऑझी न्यूसम यांच्याकडे, पाळी चौथी. संघाला चेंडू घेऊन पळणारा हवा होता, लॉरेन्स फिलिप्स समोर होता, आणि मालक आर्ट मोडेल यांचा कलही तिकडेच. पण बोर्डावर वरचं नाव होतं जोनाथन ओग्डेन, एक धिप्पाड टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीतला टोकाचा माणूस. टॅकलची त्यांना तेव्हा निकडही नव्हती. ओग्डेन पहिलं वर्ष त्याच फळीत शेजारच्या गार्डच्या जागी खेळला. न्यूसमनी ओग्डेनच घेतला, आणि त्याच दिवशी २६व्या जागेवर रे लुईस. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. 'या वर्षी काय कमी आहे' ही भूक खरी असते, पण ड्राफ्ट चार वर्षांसाठीचा असतो. आजची भूक पुढच्या मार्चपर्यंत बदललेली असते.

शेवटच्या राउंडांचा हिशेब वेगळा. तिथे सरळसाधा, बरा खेळाडू घेण्यात मला अर्थ वाटत नाही. तसे ड्राफ्ट संपल्यावर फोन करून मिळतात. तिथे एखादी अचाट गोष्ट असलेला घ्यावा. २०१८मध्ये फिलाडेल्फियाने सातव्या राउंडमध्ये, २३३व्या जागेवर जॉर्डन मायलाटा घेतला. सिडनीत रग्बी खेळलेला, सहा फूट आठ इंचांचा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. पण फिलाडेल्फियाकडे जेफ स्टाउटलंडसारखा लाइन कोच (पुढच्या फळीला शिकवणारा) होता. तसा कोच नसलेल्या संघाने हेच केलं असतं तर त्याला मी मूर्खपणा म्हटलं असतं.

तुम्ही डेटावाले, म्हणून एक आठवण. साठच्या दशकात डॅलस काउबॉइजच्या टेक्स श्रॅम यांनी खेळाडूंची निवड संगणकावर आणायचं ठरवलं तेव्हा ते काम केलं सलाम कुरेशी यांनी. भारतातून आलेले संख्याशास्त्रज्ञ, क्रिकेट जाणणारे, फुटबॉलशी संबंध नाही. मला वाटतं हेच त्यांच्या पथ्यावर पडलं. आतल्या माणसाला 'चपळ' म्हणजे काय हे विचारावंसं वाटत नाही, बाहेरच्याला विचारावंच लागतं. माझा अनुभव तोच. आमच्याकडे आज सामन्यातल्या धावण्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत, प्रत्येक चेंडूचा हिशेब आहे, आणि तरी डेटाचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो वाद स्वच्छ व्हायला. 'तो मोठ्या सामन्यांत गळपटतो' असं कोणी म्हटलं की आता आम्ही विचारतो: कोणते सामने, किती वेळा?

आता तुमचे दोन रिसीव्हर.

४.३४ आणि ४.५६ यांतला फरक ४० यार्डांच्या शेवटी साधारण दोन मीटरचा. दोन मीटर म्हणजे पुष्कळ. तेवढ्यात माणूस मोकळा होतो. पण रिसीव्हर सरळ रेषेत ४० यार्ड किती वेळा पळतो? बहुतेक वेळा दहा-पंधरा यार्डांवर वळायचं, थांबायचं, परत यायचं. तिथे लागतात ती थांबण्याची ताकद, वळण्याआधी ते अंगातून न दाखवण्याची कला, आणि लाइनवर समोरचा अंगावर आला तरी सुटून जायचे हात.

२०१७चाच ड्राफ्ट परत बघा. जॉन रॉस इंडियानापोलिसमध्ये ४.२२ पळला, तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीने त्याला नवव्या जागेवर घेतला. पहिल्या हंगामात एकही झेल नाही, पुढे दुखापतींनी पाठ सोडली नाही. त्याच वर्षी कूपर कप ४.६२ पळला. आला होता ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या खालच्या पातळीवरच्या कॉलेजातून, झेलांवर मिळवलेले ६,४६४ यार्ड नावावर घेऊन, वयाने इतरांपेक्षा मोठा. तिसरा राउंड, ६९वी जागा, लॉस एंजेलिस रॅम्स. २०२१च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) या तिन्हींत तो पहिला होता. यावरून 'हळू तोच खरा' असं मात्र म्हणू नका. डीके मेटकाफ २०१९मध्ये ४.३३ पळाला, पण वळसे घेत पळायच्या चाचणीत इतका मंद ठरला की दुसऱ्या राउंडच्या शेवटापर्यंत, ६४व्या जागेपर्यंत घसरला. सिॲटलने त्याला सरळ पळायचीच कामं जास्त दिली, आणि दुसऱ्याच वर्षी त्याने १,३०३ यार्ड काढले. ज्याला जे येतं ते त्याच्याकडून करून घेणारं घर मिळालं.

म्हणून तुमच्या पहिल्या मुलाबद्दल मी विचारीन: झेल कमी का? त्याचा क्वार्टरबॅक रडका होता का? संघ पळण्यावरच खेळायचा का? की त्याला खोलवर पळवून बचावाला मागे ओढायचं आणि चेंडू दुसऱ्याला द्यायचा, असा बेत होता? तसं असेल तर कागदावर न दिसणारं काम तो करतोय. दुसऱ्याबद्दल उलटं: यातले किती झेल लाइनच्या मागे फुकट मिळालेले? संघाच्या एकूण यार्डांतला त्याचा वाटा किती, आणि कितव्या वर्षी? एकोणिसाव्या वर्षी मोठ्या संघांविरुद्ध केलेलं मला तेविसाव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांविरुद्ध केलेल्यापेक्षा जास्त सांगतं.

आणि एवढं करूनही दोघांच्या पट्ट्या बोर्डावर एकाच ओळीत असतील, तर खरं उत्तर 'दोघेही नाही, अजून नाही' हे. खाली सरका. जिमी जॉन्सन कोच असताना डॅलसने जागांची किंमत मांडायला बनवलेल्या जुन्या तक्त्यात २५व्या जागेला ७२० गुण आहेत आणि ३५व्याला ५५०. फरक १७०, म्हणजे तिसऱ्या राउंडच्या मध्याच्या जरा पुढची एक जागा. दहा पायऱ्या खाली जाऊन दोघांतला एक मिळण्याची शक्यता चांगली, वर आणखी एक माणूस. तोटाही आहे: पहिल्या राउंडमधल्या खेळाडूवर पाचव्या वर्षाचा हक्क संघाला मिळतो, ३५व्यावर मिळत नाही. आजकाल रिसीव्हरचे पगार बघता ते पाचवं वर्ष हलकं नाही. आणि सरकायला समोरून कोणाचा तरी फोन यावा लागतो.

फोन नाही आला, तर मी झेलणाऱ्याचं नाव पुढे करीन. कारण एवढंच की त्याच्या बाबतीत 'हे कोणाचं?' या रकान्यात तीन वर्षांचे पुरावे आहेत आणि पहिल्याच्या रकान्यात एका दुपारचं घड्याळ. आमच्याच खोलीतला दुसरा स्काउट, माझ्याहून जुना, पळणाऱ्याचं नाव देईल. म्हणेल, हात शिकवता येतात, वेग शिकवता येत नाही. त्याचं म्हणणंही खोडता येत नाही. आमचा क्वार्टरबॅक लांब फेकणारा असेल आणि आतल्या बाजूला भरवशाचा एखादा आधीच असेल, तर मी त्याच्या बाजूने मत देईन.

पण त्याआधी मला त्या पळणाऱ्याने सोडलेले चेंडू बघायचे आहेत, एकूण एक. प्रत्येकाला थांबवून बघा: चेंडू हाताला लागला त्या क्षणी त्याचे डोळे कुठे आहेत? चेंडू पकडायच्या आधीच पुढे पळायच्या वाटेकडे वळलेले असतील, तर ते एका उन्हाळ्यात सुधारतं. डोळे चेंडूवर आणि तरीही तळव्यात आपटून सुटत असेल, तर २५व्या जागेवर त्याला हात लावू नका.